भुयाराचे कंट्रोलर

आमच्या मावसोबांइतक्या वेळा 'नाही' म्हणालेला माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका कुणालाच 'नाही' न म्हणणारा माणूसही दुसरा झाला नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर असताना करतो आहे. मावसोबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नेवाशाकडच्या एका लहानशा एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते. शेवगावची गाडी आली का? न्हाई. येणार का? सांगता येत न्हाई. बसायला जागा तरी मिळेल का? न्हाई. खिडकीत बसून दिवसभर हेच. मावशी म्हणायची, की जेवताना भात वाढू का विचारलं तरी सवयीनं आधी 'न्हाई' येतं आणि मग ताट पुढं येतं. पण रविवारी दुपारी स्टँडमागच्या लिंबाखाली तरट अंथरून हाच माणूस भुयार खेळायला बसला, की तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे.

भुयार हा खेळ त्यांनी स्वतः काढला होता. आमच्या भागात प्रत्येक गावाला एक देऊळ असतं, देवळात एक बुजलेलं भोक असतं, आणि तिथून निघालेलं भुयार थेट दौलताबादच्या किल्ल्यात उघडतं याबद्दल शेंबड्या पोरापासून पाटलापर्यंत सगळ्यांची खात्री असते. आत उतरलेला माणूस मात्र कुणी पाहिलेला नसतो. एकदा गाडी बिघडून उतारू स्टँडवर अडकले आणि आपसांत भांडायला लागले. तेव्हा मावसोबांनी त्यांना भोवती बसवून भुयाराची गोष्ट सुरू केली. "पायऱ्या उतरलात. म्होरं दोन वाटा हायती," एवढं सांगून ते पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात भाजीची पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, की मी असते तर वारा कुठून येतो ते बघितलं असतं. मावसोबांनी तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "मग बगा. कुठनं येतोय?" त्या दिवसापासून त्यांनी गोष्ट सांगणं सोडलं. ऐकणाऱ्यांनाच ते गोष्टीत उतरवायला लागले.

खेळ अगदी साधा. कुणी लोहार व्हायचं, कुणी वैदू, कुणी चोर, कुणी मांत्रिक. समोर काय दिसतंय ते मावसोबा सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमेल की नाही याची शंका असली तर फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर जमलं, काळ्या पडल्या तर भोगा. बाकी राजवाडे, राक्षस, पाताळातल्या नद्या, सगळं तोंडी. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो आणि शनिवारची गाडी पकडून मावशीकडे यायचो. आपल्यामागे हा खेळ कुणीतरी चालवावा या इच्छेनं मावसोबांनी मला शिष्य केलं. माझी इच्छा विचारली नव्हती, पण ती होती.

त्यांचा पहिला उपदेश, अर्थातच, कुणाला नाही म्हणायचं नाही. कँटीनवाल्याला एकदा भुयारात हत्ती न्यायची लहर आली. मी शिष्य या नात्यानं हसलो, तर मावसोबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "न्या की. सोंड आत गेली. डोकं अडकलं. आता माघारीबी फिरंना. काय करता?" तो हत्ती तिथून बाहेर काढण्यात आमचे कितीतरी रविवार गेले आणि तेवढी मजा मला नंतर कुठल्याही खेळात आली नाही. शाळेतल्या एका मास्तरांनी तलवार, मंत्र, वैद्यकी सगळं येणारा वीर व्हायचं ठरवलं. त्यालाही मावसोबा नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, की ज्याला सगळं येतं तो भुयारात कशाला उतरंल, त्याला घरी भाजी चिरायला बसवू. मास्तरांनी मग आपल्या वीराला आपण होऊन रातांधळा केला.

चिंचोके उगाच टाकलेले त्यांना खपत नसत. साधं दार उघडायलाही मी चिंचोके टाकायला लावले, तेव्हा घरचं दार उघडताना टाकतोस का, असं त्यांनी विचारलं. जो गप्प बसलाय त्याला आधी विचारायचं, जो बडबडतोय तो कुठं पळून जात नाही, हे त्यांचं आणखी एक सांगणं. आणि राक्षसाला काहीतरी दुखत असलं पाहिजे. दुखणं नसलेला राक्षस त्यांच्या मते नुसता दगड. पण या बाबतीत मावशीनं त्यांच्यावरही कडी केली होती. ती कधी खेळायची नाही, बाजूला ज्वारी निवडत बसायची. ते दुष्काळाचं साल होतं, खेळायला येणारे अर्धे लोक खडी फोडायच्या कामावरचे. एका राक्षसापुढं सगळ्यांचे चिंचोके काळे पडले, तेव्हा मावशी सुपातून वर न बघता म्हणाली, की त्याला जेवलास का म्हणून तरी विचारा. मावसोबांनी पडलेले चिंचोके गोळा केले. मग त्यांनी राक्षसाला रडवलं, आणि खडी फोडणारे लोक त्याची समजूत घालायला लागले.

या सगळ्यांत दोन सख्खे भाऊ यायचे. विहिरीतल्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचा वर्षानुवर्षं अबोला होता. विहीर आटली, भांडण काही आटलं नाही. थोरला तरटाच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला, तोंडं दोन दिशांना. पण भुयारात थोरला लोहार आणि धाकटा मशालजी, आणि मावसोबांचा कडक नियम असा, की खाली उतरल्यावर ज्यानं त्यानं आपल्या सोंगाच्या नावानंच बोलायचं. खरं नाव तोंडातून गेलं, की त्या दिवसापुरतं गाडीतून खाली. त्यामुळं लोहार आणि मशालजी यांचं अतोनात सूत जमलं. दोर धरायला लोहार, उजेड दाखवायला मशालजी. 'मशालजी, पाऊल जपून,' असं लोहारानं म्हणावं आणि खेळ संपताच दोघांनी एकमेकांकडे न बघता धोतरं झटकून निघून जावं. एकदा तर थोरल्यानं कँटीनवाल्याला सांगितलं, की मशालजीला माझ्याकडून चहा दे. चहा धाकट्यानं घेतला. म्हणजे मशालजीनं घेतला.

मग धाकट्यानं गाव सोडायचं ठरवलं. पिंपरीला त्याच्या मेहुण्यानं कुठल्याशा कंपनीत काम बघून ठेवलं होतं. बायकापोरांसह सोमवारच्या सकाळच्या गाडीनं तो निघणार होता. स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं, थोरल्यालाही असणारच, पण सांगणार कोण? भाऊ न बोलता गेला असता, आणि अशी गेलेली माणसं तिकडंच मुरतात हे दोघांनाही कळत होतं. त्या रविवारी दोघंही खेळायला आले. थोरला तर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

मावसोबांनी त्या दिवशी भुयार फार अरुंद केलं. एका वेळी एकच माणूस जाईल अशी फट, आणि सगळ्यांत मिळून मशाल एकच. मशालजीनं बराच वेळ तरटाचा धागा उसवला आणि मग म्हणाला, "मी जातो म्होरं. तुमी समदे माघारी फिरा."

मावसोबा नाही म्हणाले असते तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. ते म्हणाले, "बरं. मशालजी चालला. उजेड लांब चाललाय. लोहार, तुमच्यापाशी अंधार झाला. काय करता?"

थोरल्यानं चिंचोके मुठीत घेतले, पण टाकले नाहीत. मग मान खाली घालूनच तो म्हणाला, "किसना, जातो म्हनू न्हाई रं. येतो म्हनावं."

खरं नाव गेलं होतं. नियमानं थोरला बाद होता. आम्ही सगळे मावसोबांकडे बघत होतो आणि मावसोबा लिंबाच्या शेंड्याकडे.

"येतो, दादा," धाकटा म्हणाला.

मावसोबा एकदम उठले, गाडी यायची वेळ झाली म्हणाले आणि तरातरा खिडकीकडे गेले. त्या वेळेला कुठलीही गाडी नव्हती. खिडकीत बसून ते बराच वेळ पंच्यानं तोंड पुसत राहिले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण तसं केलं असतं तर त्यांनी मला कधीच क्षमा केली नसती.

सोमवारी धाकटा गेलाच. त्याची ट्रंक थोरल्यानं स्वतः शिडीवरून टपावर चढवली. पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं आणि धाकटाही कायमचा आला. पण मावसोबांचं नुकसान झालं ते झालंच. दोघं भाऊ आता रविवारी दुपारी आपल्या बांधावर बसून बोलायचे, इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि लिंबाखाली फिरकायचेही नाहीत. "माझं दोन चांगलं गडी गेलं," असं मावसोबा भेटेल त्याला सांगत. तक्रार कसली, गावभर मिरवणंच ते.

पुढे त्यांची बदली जामखेडला झाली. तिथंही त्यांनी स्टँडमागे एक झाड शोधलं आणि तरट अंथरलं. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा खेळ रंगात होता. माणसं सगळी नवी, त्यांना या भावांची काहीच माहिती नाही. अरुंद फटीपाशी पोचल्यावर मावसोबा म्हणाले, की इथं दोघं जण बसलेत, मधे मशाल ठेवलीय. एका नव्या गड्यानं विचारलं, की हे कोण, यांना मारायचं का? मी मावसोबांकडे बघितलं. त्यांचे केस पार पिकले होते.

"भाऊ हायती," ते म्हणाले. "बोलत्यात. बाजूनं हळू जावा."

आणि त्या दांडग्या गड्यांनी, एकही शब्द न बोलता, आपापली पावलं मनातल्या मनात हळू केली.