आंबिलीतली गोळी

भालकीजवळच्या मेहकरात येळवशीच्या दिवशी कुणाच्याही शेतात जेवा, आंबील मात्र सुशीलाबाईच्या हातची प्यायची, असा रिवाजच पडून गेला होता. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, वर लसूण-जिऱ्याचं वाटण सोडायचं. एवढंच तर काम, सगळ्याच बाया करतात. पण ह्या बाईच्या हाताला काय गुण होता, देव जाणे. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावस्येला, आख्खं गाव शेतात जायचं, गल्लीत कुत्रंसुद्धा उरायचं नाही, आणि दुपार कलली की आजूबाजूच्या शेतांतली माणसं वाट्या घेऊन तिच्या कोपीकडं चालत यायची. बाईच्या जिभेला मात्र गोडी नाही. कुणी 'पुरे' म्हटलं की खेकसायची, "पी की गप! काय इख घातलंय का त्यात?" लोक हसायचे आणि आणखी एक वाटी प्यायचे.

नवरा हणमंतराव तिच्या अगदी उलटा. बोलायचा कमी, ऐकायचा त्याहून कमी. तिफण धरावी तर त्यानंच, इतकं सरळ तास दुसऱ्या कुणाचं पडायचं नाही, आणि हट्टही तसाच सरळसोट. ब्याऐंशी सालच्या आषाढात त्याचं डोकं जड पडायला लागलं. कानात सारखं घूं-घूं व्हायचं. सुशीलाबाईनं भांडून-भांडून त्याला भालकीला डॉक्टर गुरुशांतप्पांकडं नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली, आणि तोंड वाकडं केलं. ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही, असं तीन-तीनदा बजावलं.

झालं! पोळ्यापर्यंत डोकं हलकं झालं आणि गडी म्हणाला, "आता मला काय झालंय? रोज गोळी खाणारा माणूस अर्धा मेलेलाच की." गोळ्यांचं पाकीट त्यानं सरळ उकिरड्यावर भिरकावलं.

दुसरी बाई दोन दिवस आदळआपट करून गप बसली असती. सुशीलाबाईला ते जमणारं नव्हतं. तिची आई ह्याच दुखण्यानं एका सकाळी चुलीपुढं कलंडली होती, आणि मग मरेपर्यंत खाटेवर, एक अंग लुळं, तोंडातून लाळ. आईला कुशीवर वळवायचं काम लेकीनं केलं होतं. तो वास अजून तिच्या नाकात होता. तिनं काय केलं, भालकीच्या बाजाराला गेल्यावर डॉक्टरांकडून गोळ्या आणायला सुरुवात केली. डॉक्टर विचारायचे, "घेतात का नीट?" ही डोळ्याला डोळा न भिडवता म्हणायची, "घेतात की." आणि रोज सकाळी खलबत्त्यात एक गोळी कुटून नवऱ्याच्या तांब्यात, आंबिलीत, घोटून टाकायची. लसणाच्या वासात काय कळतंय! पाकीट देवळीत, कुंकवाच्या डबीमागं. हणमंतराव आंबील प्यायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "बघितलीस का, बिनगोळीचा कसा ठणठणीत हाय मी." ही मनातल्या मनात कपाळाला हात लावायची. हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

नवऱ्याला चोरून काही घालणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. वशीकरण म्हणतं, करणी म्हणतं, नाहीतर त्याहून वाईट. पण लुळ्या नवऱ्यापेक्षा बोल परवडला, असा तिचा हिशेब.

येळवस आली. नणंद हेमावती चिंताकीहून आदल्याच दिवशी आली होती. हणमंतरावाची थोरली बहीण, सगळे तिला हेमाक्का म्हणायचे. आईच्या माघारी भावाला तिनंच वाढवलेलं, त्यामुळं भावजयीवर तिची नजर कायम बारीक. सकाळी सुशीलाबाईनं रोजच्यासारखी तांब्यात गोळी घोटली, हणमंतरावानं उभ्याउभ्या आंबील प्यायली आणि सगळे शेताकडं निघाले. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. पूजा होईपर्यंत आंबिलीशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. हणमंतराव डोक्यावर घोंगडं घेऊन, आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, खांद्यावर धरून, ज्वारीच्या कडेनं शिंपडत 'ओलगे, ओलगे' अशी सणाची हाळी देत फिरला. ऊन चांगलंच वर आलं होतं. फेरी संपवून तो पांडवांपुढं वाकला, उठला, आणि उठता-उठता जमीन पायाखालून गेल्यागत खाली आला. बिंदगी फुटली.

"अगं बाई! हणमंता!" हेमाक्का किंचाळली.

माणसं धावली. अंग घामानं थबथबलेलं आणि गार. डोळे अर्धे मिटलेले. नाडी धरली तर हाताला लागता लागेना. कुणी म्हणालं, ज्वारीत पान लागलं असंल, साप चावल्याची खूण हाय का पाय बघा. कुणी म्हणालं, अमावस्येचं हाय, बाहेरचं हाय, जनवाड्याच्या भगताकडं न्या. दोघांनी काखेत हात घालून त्याला उठवून बसवलं, तशी त्याची मान छातीवर पडली. हेमाक्कानं दुसऱ्या मडक्यातली आंबील वाटीत घेतली, "उपाशी पोटी चक्कर आली लेकराला. दोन घोट जाऊ द्या," म्हणत वाटी त्याच्या ओठाला लावली.

सुशीलाबाई एवढा वेळ दगडासारखी उभी होती. रोजचीच गोळी, रोजचीच आंबील; मग आजच कामून? डॉक्टरांनी ह्या खेपेला भलतीच दिली का? आपण दोन कुटल्या का? बोलावं तर जन्माचा कलंक, गप बसावं तर हे लोक ह्याला भगताकडं नेणार आणि वाटेतच... ती पुढं झाली आणि तिनं हेमाक्काच्या हातातली वाटी उडवून लावली.

"पाजू नगा! निजवा त्यांना आडवं! डॉक्टरकडं न्या... मी गोळी घातली हुती त्यांच्या आंबिलीत."

वाटी हातात घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं ती हळूच खाली ठेवली.

"काय घातलंस?" हेमाक्काचा आवाज चिरका झाला. "माझ्या भावाला काय घातलंस तू?"

"ब्लडप्रेशरची गोळी. डॉक्टरनंच दिलेली, अक्का. घेत न्हवते, म्हणून..."

"चोरून? सटवे, रोज चोरून घालायलीस?"

"व्हय," सुशीलाबाई म्हणाली. "रोज."

बरं की वीरभद्रप्पाचं शेत बांधाला बांध लागून होतं आणि त्याच्याकडं ट्रॅक्टर होता. तो शहाणा माणूस, वादात पडला नाही. "भांडण मागनं करा, अक्का. हणमंतअण्णाला ट्रॉलीत घाला आधी," एवढंच म्हणाला आणि हँडल मारायला धावला. ट्रॉलीत कडबा टाकला, त्यावर हणमंतरावाला आडवं निजवलं. हेमाक्कानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुशीलाबाईनं पायाला हात लावला, तर तिनं तो झटकून टाकला. "शिवू नगंस त्याला."

गावाशी येताच सुशीलाबाई ओरडली, "अप्पा, थांबवा! आमच्या दाराशी थांबवा!" ट्रॅक्टर हळू झाला न झाला तोच तिनं उडी मारली.

"पळायली बघा! धरा तिला!" हेमाक्का ओरडली. पण धरायला गावात होतं कोण? सगळं गाव शेतात. सुशीलाबाई घरात घुसली, कुंकवाची डबी खाली पडली, लालभडक कुंकू जमिनीभर झालं. तिनं पाकीट तेवढं उचललं, पदराला गाठ मारली आणि उंबऱ्याला ठेच लागून रक्ताळलेल्या पायानं परत ट्रॉलीत चढली. भालकीपर्यंत ती नवऱ्याच्या छातीकडं बघत होती. वर होतीय का, खाली होतीय का, एवढंच.

डॉक्टर गुरुशांतप्पा सणाचे घरीच होते. त्यांनी नाडी बघितली, पट्टा बांधला, आणि हणमंतरावाचे पाय उशीवर उंच ठेवायला लावले. सलाईन सुरू झालं, एक इंजेक्शन गेलं. मग ते वळले. "काय-काय घेतलं ह्यांनी? खरं सांगायचं."

सुशीलाबाईनं पदराची गाठ सोडली. पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. तिनं सगळं सांगितलं. उकिरडा, खलबत्ता, तांब्या. 'घेतात की' म्हणून मारलेली थाप. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"गोळी तीच हाय. पण एका गोळीनं माणूस असा पडत न्हाई, बाई. नाडी एवढी उतरत न्हाई. आणखी काय घातलं?"

"देवाशपथ न्हाई!"

"बोल की!" हेमाक्का पुढं सरसावली. "बोल, न्हाईतर पोलिसात देते!"

सुशीलाबाई भिंतीला टेकली. खरं सांगून झालं होतं, आणि ते पुरत नव्हतं. आता हा माणूस गेला तर आपण खुनी, आणि आपल्याला त्याचं कारणसुद्धा कळणार नाही!

सलाईन अर्ध्यावर आलं तेव्हा हणमंतरावाच्या पापण्या हलल्या. तो काहीतरी पुटपुटला. डॉक्टर वाकले.

"बंडीच्या... खिशात."

डॉक्टरांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि दुसरं पाकीट बाहेर काढलं. त्याच गोळीचं, कोरं करकरीत. त्यातल्या दोन जागा रिकाम्या.

मग तुकड्या-तुकड्यानं बाहेर आलं. चार दिवसांखाली त्याचा जिगरी दोस्त अंकुशराव पारावर बसल्या-बसल्या कलंडला होता, तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. हणमंतराव त्याला बघून आला आणि घरी कुणाशी बोलला नाही. आतून मात्र पार हादरला. बायकोपुढं हार कशी मानायची? म्हणून बाजारात गेला, बंडीत राहिलेला जुन्या पाकिटाचा रिकामा तुकडा दुकानदाराला दाखवला आणि गोळ्या आणल्या. सणाच्या दिवसापासून सुरू करायचं ठरवलं. "एवढे महिने बुडालेल्या भरून काढाव्या म्हणून... दोन घेतल्या. पहाटंच."

"आणि वरनं हिची तिसरी," डॉक्टर म्हणाले. मग ते जे तापले! "अरे, गोळी म्हणजे काय तास हाय का, राहिलं तिथं परत तिफण फिरवायला? बुडाली तर बुडाली, दुसऱ्या दिवशी एकच. दोन कधीच न्हाई! तुमाला बंद करायची हुती तर मला विचारायचं. आणि बाई, तू! मला खोटं बोललीस. नवऱ्याला ठाऊक असतं तर त्यानं दुसरी कशाला घेतली असती? दोघंबी एकमेकाला चोरून माणूस वाचवायलाव, आणि माणूस मरायला टेकला हुता. आता मी सांगेपर्यंत एकबी न्हाई. सांगितल्यावर रोज एक, उघड्यावर, दोघांच्या डोळ्यादेखत."

हणमंतरावानं मान वळवून बायकोकडं बघितलं. "तू रोज घालायलीस? आषाढापासनं?"

"पोळ्यापासनं."

"आन् मी म्हणायलो, बिनगोळीचा ठणठणीत..." त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. सुशीलाबाई मात्र तेव्हा रडली नाही. रडली ती घरी, जमिनीवरचं कुंकू भरताना.

माणूस वाचला. नावाचं काय? हेमाक्कानं सगळं कानांनी ऐकलं होतं, तरी चिंताकीला जाताना तिनं भावजयीच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तोंडानं माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि गोष्ट गावोगाव गेली ती अर्धीच: मेहकरच्या सुशीलाबाईनं नवऱ्याला आंबिलीतून काहीबाही घातलं. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त वर्षभर तिच्या दारात कुणी 'वैनी, वाटीभर आंबील हाय का' म्हणून आलं नाही. बाईचं खेकसणंही कमी झालं. हणमंतराव रोज सकाळी गोळी मागून घ्यायचा, महिन्याकाठी भालकीला जाऊन पट्टा बांधून यायचा, आणि बायकोचं हे गप राहणं बघायचा.

पुढची येळवस आली. सुशीलाबाई म्हणाली, "औंदा आंबील थोडकीच करते. कोण पितंय?"

"भरून कर," तो म्हणाला.

पूजा झाली, पंगत बसली. वीरभद्रप्पा आला, शेजारपाजारचे आले, हेमाक्काही होती. भज्जी वाढली, खीर वाढली. सुशीलाबाई मडकं घेऊन पंगतीत शिरली, तसे हात वाट्यांवर आडवे पडायला लागले. "आत्ताच पिऊन आलाव." "घसा धरलाय." तिची मान खाली गेली आणि ती मागं वळली.

"थांब," हणमंतराव उठला. पंगतीच्या मधोमध आला. बंडीतून पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि हात पंगतीवरून फिरवून सगळ्यांना दाखवला. "पूजेसाठी थांबलो हुतो, डॉक्टरला इचारून. ही माझी गोळी. रोज एक. हीच हिनं मला चार-पाच महिने चोरून चारली, मी गाढव हुतो म्हणून. आन् मेलो असतो ते माझ्या दोन गोळ्यांनी, हिच्या एकीनं न्हवं. हिनं जगवलंय मला." त्यानं गोळी तोंडात टाकली, पाण्यानं गिळली आणि रिकामी वाटी पुढं केली. "आता वाढ. ह्याच मडक्यातली."

तिनं वाढली. तो सगळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. तरी वाट्यांवरचे हात तसेच.

मग हेमाक्कानं आपली वाटी उचलून समोर धरली. सुशीलाबाईनं पळीनं वाढली, थोडी आंबील नणंदेच्या बोटांवर सांडली. हेमाक्कानं वाटीत एकदा बघितलं, भावाकडं एकदा बघितलं, आणि तोंडाला लावली. एका दमात संपवली.

"मीठच न्हाई की गं ह्यात," ती म्हणाली.

सुशीलाबाईनं डोळे पदराला पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदा सगळ्या शेताला ऐकू जाईल असं खेकसली, "तुमच्या भावाला कमी सांगितलंय न्हवं मीठ? ताटलीत ठेवलंय, घ्या की हातानं!"

वीरभद्रप्पा हसला आणि त्यानं आपली वाटी पुढं केली.