उलटीसुलटी पोथी

श्रावण शुद्ध नवमी, १९७८. मुळशी. घरात हजर: सासूबाई, आमचे हे, नववीतली लेक शालन आणि मी. गैरहजर: पोथी वाचणारे अण्णा. ते रिहे गावाहून यायचे होते, पण वाटेतल्या ओढ्याला पाणी आल्याचा निरोप सकाळीच दूधवाल्याकडून आला.

श्रावणात आमच्याकडे रोज पोथीचा एक अध्याय होतो आणि तो कानावर पडल्याशिवाय सासूबाई तोंडात घास घालत नाहीत. एरवी मी हे सगळं नीट बसवलेलं असतं: अण्णांचा चहा, मग वाचन, मग जेवणं. पण यंदा त्या टायफॉइडमधून नुकत्या उठल्या होत्या. पोट रिकामं राहिलं तर पुन्हा अंथरूण धरतील, असं पौडच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. दुपार कलली तरी त्या भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले. पेजेची वाटी मी पुढे करायची आणि त्यांनी मान फिरवायची.

शेवटी ठरवलं, ह्यांनीच वाचायचं. तर पोथी जागेवर नाही. आमच्याकडे पावसात कपडे वाळतात ते निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालून. पोथीला ओल आली म्हणून ह्यांनी तिची सुटी पानं त्याच डालग्यावर धोतरांच्या शेजारी पसरली होती आणि वाळतील तशी गोळा करून गठ्ठा बांधला होता. कोपरे कसरीने खाल्लेले, त्यामुळे पानांवरचे आकडे केव्हाच गेलेले. मागचं पुढचं काही कळेना. विचारलं तर म्हणाले, "वाळली ना? कालपासून तूच ओल ओल करत होतीस." मी गठ्ठा तिथंच ठेवला आणि देवघराकडे वळले. तोंड उघडलं असतं तर श्रावण पाळला गेला नसता.

देवघरापुढे हात जोडले खरे, पण ती प्रार्थना नव्हती, झाडाझडतीच होती. मी सगळं वेळेवर करते, आणि तुला एक माणूस ओढ्याअलीकडे आणता येत नाही?

बाहेर आले तर शालनने पानं जमिनीवर मांडलेली. ही मुलगी महिनाभर शाळेच्या वाचनालयातल्या कादंबऱ्यांत तोंड खुपसून बसली होती आणि मी महिनाभर तिच्यावर ओरडत होते. आताही ओरडणारच होते. ती एकेक पान मोठ्यानं वाचत होती आणि गोष्ट कुठं जुळते ते बघत होती.

"आजे, राणीला रानात कोण भेटतं?"

"मोळीवाला. पर त्याच्या आदी तिचं पोर हरवतंय. ते वाच."

"हितं तर सापडलंय."

"सापडलंय व्हय? मग ते फुडलं हाय. पर वाच, कसं सापडलं?"

सासूबाई भिंत सोडून पुढे सरकल्या होत्या. हेही येऊन बसले आणि चुकीच्या जागी पानं सरकवू लागले. आजी-नातीनं मिळून त्यांना गप्प केलं. थोड्या वेळानं सासूबाईंनी मला हाक मारली.

"सूनबाई, पेज आण. पोर सापडूस्तवर थांबले, आता न्हाई धीर निघत."

मला राहवेना. अध्याय काही ओळीनं झाला नाही, चालेल का, असं विचारलं.

"कानावर पडलं की समदं. उलटं पडलं, तर उलटं. देव काय मास्तर हाय?"

वाटीभर पेज त्यांनी संपवली आणि पुन्हा मागितली. मी चुलीकडे वळले तेव्हा डोळे भरले होते. धुराचं निमित्त झालं.

याला कुणी काय म्हणावं ते म्हणो. मी अण्णांना मागत होते आणि मला माझीच पोर दिली गेली, तीही ज्या वाचनापायी माझी बोलणी खात होती ते वाचन घेऊन. माझी सगळी व्यवस्था मोडली त्या दिवशी घर पोथीभोवती बसलं. आजवर मी पोथीसाठी चहा केला, समया घासल्या, पण ती ऐकली स्वयंपाकघराच्या भिंतीतून, तीही तुटक. सगळं आपणच हाकलं पाहिजे, हा हट्ट थोडा सैल झालाय. पुरता गेलाय असं म्हणवत नाही.

पोथीची पानं आता जवळपास ओळीनं लागली आहेत. तीन पानं मात्र कुठंच बसत नाहीत. त्यांची जागा शोधायची तर सुरुवातीपासून सगळी पोथी वाचायला हवी, आणि सासूबाईंनी ते काम माझ्यावर टाकलंय. पानं फडताळात वरच्या कप्प्यात आहेत. अजून वाचायला बसणं झालेलं नाही.