माइरकडची वेल्श सिरीयल

एका इमारतीत सात वर्षं राहिलं की किस्से साठतातच. आमच्या न्युरेम्बर्गच्या इमारतीतले माझ्याकडचे बहुतेक किस्से मात्र एकाच खोलीतले आहेत. माइरचा हॉल, शनिवार, दुपारचे चार. मी सांगते तेव्हा लोक हसतात. मला तितकं हसू येत नाही.

माइर आमच्या खाली राहते. मूळची वेल्सची. जर्मन नवऱ्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वी इथे आली, आता नवरा नाही. वेल्श बोलायला अख्ख्या शहरात कुणी नाही, म्हणून ती दर शनिवारी लॅपटॉपवर एक वेल्श सिरीयल बघते. समुद्राकाठचं गाव, शेजारशेजारची दोन घरं, मधल्या भिंतीवरून भांडण, आणि दोन्ही घरांत काहीतरी झाकलेलं. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, येऊन तर बघ. मी गेले, इंग्रजी सबटायटल्स वाचत बसले आणि अडकले. पुढे वरच्या मजल्यावरची अरुणाही यायला लागली. अरुणा सोलापूरची, तिचा नवरा क्लाउस जर्मन.

*

माइरच्या वाढदिवसाला तिची मुलगी म्युनिकहून आली. सिरीयल चालू होती. मुलगी लहानपणापासून जर्मनच बोलते, वेल्श तिला येत नाही. दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, "ममा, हे बंद कर ना. कुणाला कळतंय?"

माइरने आमच्याकडे बोट दाखवलं. "यांना कळतं."

आम्हाला वेल्शचा एक शब्द कळत नव्हता. अरुणा आणि मी, दोघींनी माना डोलावल्या.

*

मग एकदा इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसचं पत्र आलं. आमच्या घरातून रविवारी मिक्सरचा आवाज येतो आणि जिन्यात स्वयंपाकाचा वास भरतो, अशी शेजाऱ्यांकडून तक्रार होती. बरोबर खाली माइर. दुसरं कोण असणार? मी तिच्याकडे जाणं बंद केलं. जिन्यात भेटली तरी नुसतं हालो म्हणून पुढे जायचे. एकदा तिने दाराशी केक ठेवला, तो मी डबा न उघडता परत केला.

तीन आठवड्यांनी मी त्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी नाव सांगितलं नाही, डाटेनशुट्झ, म्हणजे खासगी माहितीचं संरक्षण. पण तक्रार वाचून दाखवली. जर्मन अगदी स्वच्छ होतं. एका शब्दाशी बाई अडखळल्या आणि कागद माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "हे काय असतं?"

लिहिलं होतं, हिंग.

माइर आमच्या सगळ्या पदार्थांना करी म्हणते. आमचं घर सोडलं तर त्या इमारतीत हिंग हा शब्द माहीत असलेलं एकच माणूस होतं. वीस वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात फोडणी झालेली नाही. क्लाउसला चालत नाही.

त्या शनिवारी मी परत माइरकडे गेले. अरुणा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "होतीस कुठे इतके दिवस? चुकल्यासारखं वाटत होतं गं." मी म्हटलं, काम होतं. माइरची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. मागायची तर काय समजले होते तेही सांगावं लागेल.

*

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, तीन महिने आल्या होत्या. त्यांनाही मी घेऊन जायचे आणि कानाशी मराठीत सांगायचे. दुसऱ्याच शनिवारी त्या म्हणाल्या, "ती मोठी बहीण नाही त्या मुलीची. आई आहे."

सिरीयलमध्ये ते पाच आठवड्यांनी उघड झालं. माइर थक्क झाली. कसं ओळखलं, असं तिने मला विचारायला लावलं. आई म्हणाल्या, "मुलगी दारातून बाहेर पडताना ती बघत नाही तिच्याकडे. मुद्दाम."

*

आईंच्या इथल्या शेवटच्या शनिवारी अरुणा नव्हती. भाग संपला, माइरने चहा ओतला आणि आईंकडे बघून इंग्रजीत विचारलं, तुम्हाला मुलं किती?

माझा नवरा एकुलता एक. त्यात भाषांतर काय करायचं, म्हणून मीच सांगून टाकलं, "वन."

आईंना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"टू," त्या माइरला म्हणाल्या.

माइरने साखर पुढे सरकवली. चहा संपवून आम्ही वर आलो. नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं आज सिरीयलमध्ये?"

"काही विशेष नाही रे," आई चपला काढत म्हणाल्या. "लोकांच्या घरच्या भानगडी."