आर्डिथची काळी पारी

आर्डिथ क्रेमरनं अडतीस वर्षं शाळेची बस चालवली. गुडघाभर बर्फात, मक्याच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर, मागे पन्नास पोरं कोकलत असताना ती लांबलचक पिवळी बस ती मागे घेऊन वळवायची, आणि एवढ्या वर्षांत तिनं कुणाच्या टपालपेटीला साधा ओरखडा काढला नाही. अमेरिकेतल्या त्या एल्डरटन गावात हे कुणी नाकारत नसे. फक्त एवढं म्हणून झालं की लोक किंचित थांबायचे आणि म्हणायचे, "पण तिचा पम्पकिन पाय मात्र..."

पम्पकिन पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भोपळ्याचं गोड सारण ओतून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. सारणाबद्दल तक्रार नव्हती. भोपळा, अंडी, आटवलेलं दूध, दालचिनी, सुंठ, जायफळ, चिमूटभर लवंग, सगळं मोजूनमापून. घोडं अडायचं ते पारीशी. मैदा-लोण्याची ती पारी तोंडात टाकताच विरघळायला हवी. आर्डिथची पारी दातांची परीक्षा घ्यायची. तिचा नवरा डेलमर चव्वेचाळीस वर्षं मुकाट्यानं वरचं सारण चमच्यानं खाऊन पारी ताटलीतच ठेवत आला होता. एका वर्षी त्यानं ती कुत्र्याला घातली. कुत्र्यानं ती हुंगली, अलगद तोंडात धरली आणि परसात नेऊन पुरली. ही गोष्ट दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर एकदा तरी निघायचीच, आणि ती काढायची डेलमरची थोरली बहीण व्हर्ना.

व्हर्नाला तो अधिकार होता. चर्चच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तीस वर्षं तिचाच पम्पकिन पाय मांडला जायचा. पारी अशी की बोट लावलं तरी पापुद्रे सुटावेत. ती कुणाला शिकवायला नाही म्हणायची नाही, पण शिकवून झाल्यावर शिकणाऱ्याला आपण कशाला या भानगडीत पडलो असं वाटायचं.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंग तीन आठवड्यांवर आलं असताना व्हर्ना पाय भाजायची मोठी भांडी काढायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. उजवं मनगट मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, घाई करू नका. व्हर्ना म्हणाली, घाई मी करत नाहीये, थँक्सगिव्हिंग करतंय.

"चर्चच्या दोन पम्पकिन पायचं काय करायचं?" तिनं फोनवर विचारलं.

"मी करते," आर्डिथ म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

मग व्हर्ना म्हणाली, "मी येऊन बसते."

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी दुपारी ती आली आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. हात गळ्यातल्या झोळीत, नजर ओट्यावर. आर्डिथनं मैदा घेतला, गार लोणी घेतलं, बर्फाचं पाणी घेतलं.

"अगं, हलक्या हातानं," व्हर्ना म्हणाली. "ते पीठ आहे, बसचं स्टिअरिंग नाही."

"हलक्याच हातानं करतेय."

"हा तुझा हलका हात असेल, तर डेलमरला मी आजवर उगाच नावं ठेवली. बिचारा सोसतोय."

डेलमर दारात उभा राहून हे ऐकत होता. त्यानं कॉफीचा कप उचलला आणि तो गॅरेजमध्ये निघून गेला.

पहिलं पीठ लाटताना फाटलं. व्हर्नानं जास्त पाणी घालायला लावलं. दुसरं पीठ इतकं चिवट झालं की लाटावं तितकं ते परत आखडून जागच्या जागी येऊ लागलं. आर्डिथनं सगळा भार टाकून ते एका बाजूला रेटलं, दुसऱ्या बाजूनं ते सरकत मागे आलं. तिचा चेहरा लाल झाला.

"नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणायची सोय नाही," व्हर्ना शांतपणे म्हणाली, "ओटा मी स्वतः तपासलाय. सरळ आहे."

आर्डिथनं लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि वरच्या कपाटातून चॉकलेटच्या बिस्किटांचे पुडे काढले. बस चालवायची तेव्हा पहिलीतल्या रडक्या पोरांसाठी ती हीच बिस्किटं सीटखाली ठेवायची. आई दिसेनाशी झाली की पोरगं हुंदके द्यायला लागायचं, आणि पहिलं बिस्किट संपेपर्यंत बस शाळेच्या दारात असायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तिची ती खरेदी सुटली नव्हती.

तिनं बिस्किटं जाड पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि लाटण्यानं हाणायला सुरुवात केली.

"काय करतेस?" व्हर्नानं विचारलं.

"पारी."

"बिस्किटांची?"

"चॉकलेटच्या बिस्किटांची. यांना हलका हात लागत नाही."

व्हर्नानं निषेध म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. बाहेर कापणी झालेलं मक्याचं शेत सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, पण ती तेच बघत बसली. मागे आर्डिथनं बिस्किटांच्या भुग्यात वितळलेलं लोणी कालवलं, तो दोन्ही भांड्यांत टाकला आणि वाटीच्या बुडानं तळाला, कडेला दाबून दाबून बसवला. लाटणं नाही, फाटणं नाही. तिच्या लक्षात आलं की आपण चक्क शीळ घालतोय.

दहा मिनिटं नुसती पारी भाजून तिनं सारण ओतलं. आता मात्र व्हर्नाला राहवेना. खिडकीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "पारी तांबूस झाली की पाय झाला असं कळतं. ही आधीच काळी. जळली तरी कळायचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. आर्डिथनं ओव्हनसमोर स्टूल टाकलं आणि तासभर ती तिथून हलली नाही. अधूनमधून दार उघडून भांडं जरासं हलवून बघायची. कडेचं सारण घट्ट झालं, पण मधलं अजून थरथरतंय, एवढ्यावर तिनं दोन्ही भांडी बाहेर काढली. निवताना एकातही सारणाला चीर पडली नाही. व्हर्नानं ते पाहिलं, आणि "हवा कोरडी आहे आज" एवढंच म्हणाली.

रविवारी चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर दोन्ही पम्पकिन पाय मांडले गेले. मांडणाऱ्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्यापुढे चिठ्ठी ठेवली होती: व्हर्नाचा पम्पकिन पाय.

आर्डिथनं ती वाचली आणि तशीच राहू दिली. तिला वाटलं, बरं झालं. नाव ठेवतील ते तरी व्हर्नाला ठेवतील.

पण पहिला माणूस ताटली हातात घेऊन व्हर्नापाशी आला तो मान हलवतच. "व्हर्ना, या वयात नवा शोध लावलास. ही चॉकलेटची पारी म्हणजे कमाल आहे."

व्हर्नानं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "हं."

दुसरी एक बाई म्हणाली, "भोपळ्याला चॉकलेट चालेल हे तुला सुचलं कसं?"

"सुचतं कधीकधी," व्हर्ना म्हणाली.

समोर बसलेल्या डेलमरनं घास खाली ठेवला आणि तो उठू लागला. आर्डिथनं टेबलाखालून त्याचा बूट टाचेनं दाबून धरला.

"अगं, पण तो तुझा..."

"जेव गुपचूप."

तो जेवू लागला. सारण संपलं, चमचा पारीपाशी येऊन थांबला, आणि मग डेलमरनं पारीही खाल्ली. आर्डिथनं मान दुसरीकडे वळवली, कारण तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

तेवढ्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी लुएला आली. लुएला दरवर्षी व्हर्नाकडे कृती मागायची आणि व्हर्ना तिला दरवर्षी एखादी वस्तू गाळून ती सांगायची. लुएलानं वही काढली, पेन्सिल ओली केली.

"एका पायला बिस्किटं किती?" तिनं विचारलं.

व्हर्नाकडे गाळायलासुद्धा काही नव्हतं. पारी होत होती तो वेळ तिनं मक्याच्या शेताकडे बघण्यात घालवला होता. टेबलाभोवतीचे सहा-सात जण तिच्याकडे बघत होते. तिनं पाण्याचा घोट घेतला. आणखी एक घेतला. शेवटी मान न वळवता विचारलं, "आर्डिथ, बिस्किटं किती?"

"चोवीस," आर्डिथ म्हणाली.

"आणि लोणी?"

"सहा मोठे चमचे. तुझ्या नेहमीच्या मापानं, व्हर्ना."

डेलमरला ठसका लागला. मग आसपासचे सगळेच तोंडाला रुमाल लावून हसू लागले, आणि व्हर्नाचा चेहरा तांबूस होऊ लागला.

"बरं, बरं," ती म्हणाली. "पाय तिनं केलाय. मी खुर्चीत बसले होते. तेही पाठ करून." तिनं चिठ्ठी ओढली, लुएलाची पेन्सिल डाव्या हातात धरली आणि स्वतःचं नाव खोडून वर आर्डिथचं लिहिलं. अक्षर पहिलीतल्या पोराला शोभेल असं होतं. मग तिनं ताटली पुढे केली. "आता मलाही दे. नीट खाऊन बघते, चुका कळायला हव्यात."

एका तुकड्यात चुका सापडल्या नाहीत म्हणून तिनं दुसरा घेतला.

ख्रिसमसच्या आधी तिचं प्लास्टर निघालं. मार्चमध्ये एकदा आर्डिथ न सांगता तिच्याकडे गेली, तर व्हर्ना ओट्यापाशी उभी होती. समोर अर्धवट लाटलेलं पीठ, आणि लाटणं डाव्या हातात. उजवा, मनगटात ताठरलेला हात तिनं लगेच एप्रनखाली घेतला. कॉफी झाली, लुएलाच्या नव्या चष्म्याची चेष्टा झाली.

पुढल्या नोव्हेंबरात चर्चच्या जेवणाचा विषय निघाला तेव्हा व्हर्नानं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "यंदाही तूच कर तो काळा प्रकार. हल्ली लोकांना तेच आवडतं."

"हो ना," आर्डिथ म्हणाली. "लोकांना चवच राहिली नाही."

"राहिलीच नाही," व्हर्ना म्हणाली, आणि शनिवारी किती वाजता येऊन बसू ते विचारलं.