चिंधी बांधलेला टोमॅटो

टोमॅटोच्या पानांचा वास बोटांना लागला, की तुंगार्लीचा तो बंगला आठवतो. माझी आई तिथं बागकामाला जायची. तिथल्या इराणी आजींनी आपल्या वडिलांच्या गावाहून, थेट इराणातून, टोमॅटोचं बी मागवलं होतं. एकच रोप जगलं, त्याला एकच फळ धरलं. आईनं आमच्या रीतीप्रमाणे त्याला चिंधी बांधली. "बाई, पयलं फळ बियाचं. खायाचं न्हाई." आजी म्हणाल्या, "अगं, वडील जन्मभर या चवीचं सांगत राहिले. मी न खाताच मरायची!" "कुटं जाताय? फुडल्या साली टोपलीभर खा." आजी हसल्या, फळ नुसतं हुंगलं आणि सोडून दिलं. पुढच्या साली टोपली भरली, पण आजी नव्हत्या. आता वलवणला आमच्या परसात त्याच बियाच्या रोपावर आई चिंधी दुसऱ्या फळाला बांधते. पहिलं मी, कॉलेजातून सुट्टीला आलो की, त्या बंगल्याच्या बंद फाटकाशी ठेवून येतो.