साहेबांच्या वाढदिवशी आम्हाला कोंडलं होतं

पहिली थप्पड बसली तेव्हा माझ्या केसांतून धूर निघत होता.

हे मी सजवून लिहिलेलं नाही. केस जळाल्याचा वास नाकात होता. दोन्ही तळहातांची साल निघाली होती. मागं वसतिगृहाच्या दारातून काळाकुट्ट धूर बाहेर पडत होता आणि समोर भैय्या उभा होता. भैय्या म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा सख्खा भाचा, आमच्या कॅम्पसचा सुरक्षा अधिकारी. आत अजून किती पोरी आहेत, हे त्यानं विचारलं नाही. कोण भाजलंय, हेही नाही.

"ओढणी कुठंय?" त्यानं विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"ओढणी कुठंय तुझी? मैदानावर एवढी माणसं आलीत, दिसत न्हाई का?"

आणि थप्पड. कानावर. दुसरी तोंडावर. मी पडले. कोणीतरी शिट्टी मारली.

माझी ओढणी सारिकाच्या पाठीवर होती. तिची पाठ पेटली होती म्हणून मी ओढणी टाकून दाबली होती. सारिका माझ्या खोलीतली, धर्मापुरीकडची. ती तिथंच मातीत पालथी पडून ओरडत होती. भैय्याला ती दिसली नाही. त्याला माझी छाती दिसली.

आता सुरुवातीपासून सांगते.

बीड जिल्ह्यातलं हे कॅम्पस. नाव लिहीत नाही, ज्याला ओळखायचं तो ओळखेल. कमानीवर 'विद्यापीठ परिसर' असं सोनेरी अक्षरात लिहिलंय. विद्यापीठ अजून झालेलं नाही, कमान आधी झाली. अध्यक्षांना सगळे साहेब म्हणतात. कारखाना साहेबांचा, कॉलेज साहेबांचं, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम साहेबांचे. आमचे आईबाप त्या टोळ्यांतून ऊस तोडायला जातात आणि आम्ही पोरी साहेबांच्या वसतिगृहात राहतो. म्हणजे घरातली सगळीच माणसं एकाच माणसाच्या दावणीला.

या कॅम्पसवर सुरक्षा म्हणजे काय, तर पोरींना कोंडणं. साहेबांची सभा असली, की कोंडा. मंत्री आला, कोंडा. गणपतीची मिरवणूक, कोंडा. मैदानावर गाड्या भरून कार्यकर्ते येणार, दारू पिऊन नाचणार, म्हणून कुलूप आम्हाला. पिणाऱ्याला नाही. भैय्या स्वतः येऊन चॅनल गेट ओढायचा, बाहेरून कुलूप घालायचा आणि किल्ली कमरेला अडकवून स्टेजवर जायचा. वॉर्डन मॅडम म्हणायच्या, "तुमच्याच भल्यासाठी आहे गं." आम्हीही तसंच धरून चाललो होतो. घरी फोन करून सांगायचो, आमच्या कॉलेजात पोरींची लई काळजी घेतात.

मी तर सुरक्षा समितीची विद्यार्थिनी प्रतिनिधी होते. समितीची बैठक कधी झाली नाही. तपासणीला बाहेरची माणसं आली, की मला नवी साडी नेसवून पहिल्या रांगेत बसवायचे.

त्या दिवशी साहेबांचा वाढदिवस. सकाळपासून डीजे. जेसीबीच्या बकेटातून साहेबांवर फुलं पडत होती. सुतळी बॉम्ब, हजाराच्या लडी, दिवसाढवळ्या रॉकेट. आम्ही कोंडलेल्या. खिडक्यांना जाळी, जाळीमागं आमची तोंडं.

एक रॉकेट जिन्यावरच्या फुटक्या काचेतून आत आलं. जिन्याखाली जुन्या गाद्यांची थप्पी रचलेली होती, फोमच्या गाद्या. आधी नुसता वास आला. मग भसकन जाळ.

नळ सोडला. नळाला पाणी नाही. आमचा टँकर त्या दिवशी मैदानावर धूळ बसवायला नेला होता. साहेबांच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून.

भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी लटकत होती. मी एक उतरवलं, पिन ओढली, दांडा दाबला. फुस्स. थुंकी उडाल्यासारखं. दुसरं उतरवलं. तेही रिकामं. वरून रंग ताजा होता, तपासणीच्या वेळी मारलेला.

वॉर्डन मॅडमला फोन लावला. उचलला नाही. भैय्याला लावला. नाही. पोरी जाळीला तोंड लावून किंचाळत होत्या आणि पन्नास पावलांवर माणसं नाचत होती. दोघंतिघं पोरं वळून बघायला लागली. एकानं मोबाईल काढला. आम्हाला वाटलं, फोन करतोय. तो व्हिडिओ काढत होता.

मग मी आणि उमापूरची एक पोरगी, दोघींनी ते रिकामं नळकांडं आडवं धरलं आणि गेटच्या कडीवर हाणायला सुरुवात केली. मुसळानं कांडावं तसं. हात सुटायचा, पत्रा लागायचा, रक्त यायचं, पुन्हा उचलायचं. मी शिव्या देत होते. मला एवढ्या शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं. साहेबांना, भैय्याला, त्या कमानीला. शेवटी कडीचं वेल्डिंग उचकलं आणि गेट मागं सरकलं. पोरी एकमेकींना तुडवत बाहेर पडल्या.

सारिका आत होती. वरच्या मजल्यावर न्हाणीत एक लहानखुरी पोर अडकली होती, तिला आणायला गेली होती. त्या पोरीला पुढं ढकलत जिना उतरली, आणि पेटलेली थप्पी ढासळून जळत्या फोमचा गोळा तिच्या पाठीवर पडला. वितळलेला फोम झटकून निघत नाही. कातडीसकट निघतो.

तिला मी ओढत बाहेर आणलं. तेव्हा भैय्या आला. पुढचं वर सांगितलंय.

थोड्या दिवसांनी मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. वसतिगृहाला चुना मारून झाला होता. कॅम्पसवर 'सुरक्षा सप्ताह' लागला होता, गेटवर फ्लेक्स, फ्लेक्सवर साहेब हात जोडून. केबिनमध्ये साहेब खुर्चीत, बाजूला प्राचार्य, भिंतीला टेकून भैय्या. आणि जमिनीवर माझी माय.

तिला थेट ऊसतोड्यांच्या तळावरून आणलं होतं. संस्थेची जीप पाठवली होती, सोबत मुकादम. पायाला उसाचा चिखल तसाच. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. माय खाली बसली होती.

साहेब फार गोड बोलतात. म्हणाले, "बाई, तुमची लेक हुशार आहे. उद्या कार्यक्रमात तिनं दोन शब्द बोलायचेत. आग सारिकाच्या कॉईलमुळं लागली, एवढंच. चोरून भात शिजवत होती. पोरींनी यातून धडा घ्यावा."

विजेच्या कॉईलवर भात आम्ही सगळ्याच शिजवायचो. मेसचं खाऊन पोट भरत नव्हतं. म्हणून हे खोटं अगदी खपण्यासारखं होतं. सारिका तेव्हा सरकारी दवाखान्यात पालथी पडलेली, बोलायच्या अवस्थेत नाही. तिच्याच खोलीतली पोरगी, तीही सुरक्षा समितीची प्रतिनिधी, तसं बोलली, की संपलं. तिला कॉलेजातून काढलं असतं. गावात सांगितलं असतं, तुमच्या पोरीनं वसतिगृह जाळलं.

मी म्हणाले, "रॉकेट आलं होतं. सगळ्या पोरींनी बघितलं."

"पाहिलं का बाई," साहेब मायला म्हणाले, "कशी उलट बोलते."

माय माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हण की गं. कॉईल व्हती म्हण. कावून जीवावर उठलीस आमच्या?"

"नव्हती कॉईल."

माय उठली आणि तिनं मला मारलं. पाठीत, डोक्यात, जिथं बसेल तिथं. "लई शानी झालीस? लई शानी झालीस? मोठ्या मान्साम्होरं बोलतीस?"

हे मला तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आमच्या टोळीत एक रीत आहे. लेकरानं काही चूक केली आणि मुकादम चिडून चालून आला, की तो पोचायच्या आत मायनं आपल्या लेकराला बडवायचं. जोरात. त्याचं समाधान होईल एवढं. कारण मायचा हात कुठं थांबायचं ते जाणतो, मुकादमाचा जाणत नाही. फडात मी असा मार कितीदा खाल्लाय. मार खाताना आम्ही लेकरंही मोठ्यानं रडायचो, जास्तीचं. समोरच्याला पटलं पाहिजे ना. आम्ही याला माया समजायचो. होतीच ती माया.

त्या दिवशीही मी मोठ्यानं रडायला तोंड उघडलं. सवयच. आणि साहेबांकडं बघितलं. ते हसत होते. भैय्या हसत होता. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. त्यांना ही रीत पाठ होती. जीप पाठवून मायला आणलं होतं ते ह्याच्यासाठीच. मला मारायला त्यांना हात मळवायचा नव्हता. आमचा मार आमच्याच हातानं आम्हाला द्यायचा होता.

मी मायचं मनगट धरलं. हवेतच.

"बास माय. आता न्हाई."

"सोड."

"न्हाई सोडत. यांच्यासाठी मला मारायचं न्हाई आता."

मग मी भैय्याकडं तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तू म्हणाले. "कुलूप तू लावलंस. किल्ली तुझ्या कमरेला होती. सारिका जळत होती तेव्हा तू मला ओढणी विचारलीस."

तो आला. त्यानं माझे केस धरले, जळून राहिलेले तेवढेच, आणि डोकं टेबलावर आपटलं. काच तडकली. माझ्या हाताला टेबलावरचं काहीतरी लागलं. वाढदिवसाला कोणी दिलेलं स्मृतिचिन्ह, दगडी बूड असलेलं. मी ते उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा. त्यानं केस सोडले. ओठ फाटला, रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर आलं. तो खाली बसला. जिथं माय बसली होती, तिथंच.

मायनं पदर खोचला आणि साहेबांना म्हणाली, "आता आमाला जाऊ द्या. न्हाई तर मी अशी वरडंन की कमानीपस्तोर ऐकू जाईल."

आम्ही गेलो.

यापुढं गोड काही नाही. माझ्यावर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला, त्याच्यावर नाही. कॉलेजानं माझी परीक्षा अडवली. मुकादमानं मायला तळावरून हाकललं. कागदोपत्री आग अजून कॉईलनंच लागलेली आहे. नेकनूरजवळच्या आमच्या गावात माणसं माझ्याकडं बोट दाखवतात. माय माझ्याशी धड बोलत नाही. एकदाच म्हणाली, "तू मारायला नको व्हतं." मी म्हणाले, "मग काय करायला पायजे व्हतं?"

सारिकाला भेटायला गेले. पालथीच होती. म्हणाली, "इथल्या बाया मला कॉईलवाली म्हणतेत." मग म्हणाली, "तू पत्रकं काढायलीस म्हणं. माझं नाव घाल. आडनावासकट घाल. घरचे न्हाई म्हणतील, तरी घाल."

तिचं नाव मी घातलं. ती पत्रकं आम्ही कमानीखाली वाटली. फाडली गेली. पुन्हा छापली. ज्या पोरींनी रॉकेट बघितलं त्यातल्या काही आता आमच्यासोबत उभ्या राहतात, काही तोंड लपवून निघून जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या आया अजून तळावर आहेत.

परवा साहेबांचा निरोप आला. माफी माग, केस मागं घेतो, परीक्षेला बसू देतो.

निरोप आणणाऱ्याला सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. मी मारलं. हो. हातात होतं त्यानं मारलं आणि त्याबद्दल माफी मागणार नाही, ना केबिनमध्ये ना कोर्टात. सारिकाच्या नावावर लिहिलेली आग खोडून ज्यांनी लावली त्यांच्या नावावर चढेपर्यंत मी ह्या कमानीखालून हलणार नाही. आणि इथून पुढं माझ्या अंगावर जो हात येईल, तो साहेबांचा असो नाहीतर जन्म दिलेल्या मायचा, मी तो हवेतच धरीन.