दिव्याला बांधलेला ओणक्कन

ओणक्कन गुरुक्कळ, म्हणजे गावाचा आताचा वस्ताद, आणि मी एकाच दिवशी कळरीत उतरलो. उतरलो म्हणजे खरंच उतरलो, कारण आमच्याकडे ही तालीम जमिनीत खोल खणलेली असते, वर झावळ्यांचं छप्पर. मी वर्षभरात वर आलो आणि विड्या वळायला बसलो. तो अजून आतच आहे.

काय अंग होतं त्याचं, वेतासारखं. उभ्या माणसाच्या डोक्यावरून उडी मारायचा आणि पलीकडे मांजरासारखा उतरायचा, आवाज नाही. तलश्शेरी जवळच, तिथं सर्कशीची माणसं घडतात. एका मॅनेजरनं त्याला उडताना पाहिलं आणि झोक्याच्या खेळासाठी घेतलं. ट्रंक भरून झाली. नेमका त्याचा बाप, आमचा गुरू, तापानं पडला. वात त्याच्या हातात देऊन म्हणाला, "आजच्यापुरता कळरीतला दिवा तू लाव."

त्या घराण्याची रीत अशी, की गुरूच्या हातून ज्यानं वात घेतली त्यानं रोज तिन्हीसांजेला स्वतःच दिवा लावायचा. पुढं कुणी त्याच्या हातून वात घेईपर्यंत एकही संध्याकाळ चुकवायची नाही. बाप पहाटे गेला. ट्रंक माळ्यावर गेली.

तेव्हापासून तो शिकवतोय. काठी, तलवार, ढाल. मोडलेली हाडं बसवतो, आणि छताचा दोर धरून पायांनी अशी तेलमालिश करतो की अर्धं गाव त्याच्या टाचा पाठीनं ओळखतं. शेवटचा पाठ मर्मांचा, म्हणजे अंगातल्या जिवावरच्या जागांचा, तो मात्र वात घेणाऱ्यालाच. तिथवर पोचलेल्या प्रत्येक शिष्याला नेमका दुबईचा व्हिसा आला. मी म्हणायचो, "अरे, कळरी बंद कर, व्हिसाचं दुकान काढ." तो हसायचा, मग उन्हाकडे बघायचा आणि उठायचा. मेव्हण्याच्या घरभरणीत पानावर पायसम यायच्या आधी असाच उठला. बायको अजून ते काढते.

यंदा तलश्शेरीच्या मैदानावर सर्कस आली. झोक्याचा खेळ फक्त संध्याकाळी. ओणक्कन इस्त्रीचं मुंडू नेसून, हातात संध्याकाळची वात घेऊन ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. त्याची मुलगी वसंता बंगळूरला नर्स आहे, सुट्टीवर आली होती. तीही लहानपणी त्याच मातीत शिकलेली. तिनं बापापुढं हात केला.

"अच्छन, वात द्या माझ्याकडे. तुम्ही जा."

"आणि उद्या?"

"आजच्यापुरतं म्हणतेय मी."

त्याचा हात अर्धा पुढं गेला आणि थांबला. "मलाही असंच म्हणाले होते," तो म्हणाला. वात मुठीत मिटली. "तू जा पोरी." मग माझ्याकडे बोट केलं. "या पोक्कनला बरोबर ने, नाहीतर तंबूखालून घुसेल."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यानं दिवा लावला आणि मी पायरीवर बसून सगळा खेळ सांगितला, थोडा वाढवूनच.

"झेलणारा हात कुठं धरतो?" त्यानं विचारलं.

"बोटं धरतो."

"बोटं सुटतात. मनगट धरत असणार."

"खेळ तू पाहिलास की मी?"

त्यानं मालिशचा दोर दोन्ही हातांत घेतला, चार पावलं मागं सरला आणि पाय उचलले. सत्तरीचा माणूस, पण काय झुलला म्हणून सांगू. समोरची मातीची भिंत पायांना लागली, तिथून परत. त्या वाऱ्यानं ज्योत आडवी झाली.

त्यानं दोर सोडला, गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. ज्योत सरळ झाली. तळवे तिथंच राहिले.